एका बांधावरची दोन वाणे आणि काविळीचा विषाणू



आवणीची धांदल चालू आहे. गुडघाभर चिखलातून वर येऊन हातपाय धुतल्यावर तुम्ही हा अंक हाती घ्याल आणि या सदरात रोपांची, खताची नाहीतर खोडकिडीची माहिती शोधाल. या खेपेला मात्र विषय माणसाच्या दुखण्याचा आहे. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. जे लिहितो ते वाचून आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून लिहितो. औषधपाण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय माझ्यापुढे आणला तो वेल्ह्याकडच्या एका शेतकऱ्याने. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण तोंडातले वेल्हे काही जात नाही.) गावात त्यांना सारे तात्या म्हणतात. रक्तदाबाकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले आणि दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तीन वर्षे झाली, आठवड्यातून दोनदा तात्या पहाटेची एसटी धरतात, नसरापूरवरून पुण्याला जातात, चार तास यंत्राला जोडलेले राहतात आणि दिवेलागणीला घरी येतात. धाकटा भाऊ आपली एक किडनी द्यायला तयार होता. एवढ्यात तपासणीत तात्यांच्या रक्तात काविळीचा ‘सी’ विषाणू निघाला.

मग घरात जे होते तेच झाले. तात्यांचे ताट वेगळे झाले. लहान मुलांना त्यांच्या अंथरुणाजवळ जाऊ देईनात. कोणा शहाण्याने सांगितले की हा रोग काहींच्याच रक्तात टिकतो, म्हणजे घराण्यातच खोट असणार. पुण्यात जीन तपासून मिळतात, तेवढे तपासून घ्या. हे ऐकून धाकटा बिचकला. तात्या भात पिकाच्या शिबिराला आले होते. सगळे पांगल्यावर मला म्हणाले, “सायेब, तुमी बियाण्याचं वाण वळखता. मान्साचं बी वाण असतंय का वो? आमच्या रगतातच खोट हाय का?”

प्रश्न मोठा होता. मी तात्यांना म्हणालो, आठ दिवस द्या.

आधी कावीळ म्हणजे काय ते पाहू, कारण आपण सगळ्या काविळी एकाच दावणीला बांधतो. पावसाळ्यात झऱ्याचे, उघड्या विहिरीचे पाणी प्यायल्याने जी कावीळ गावभर येते ती बहुधा ‘ए’ किंवा ‘ई’ विषाणूची. ती तोंडावाटे येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. गरोदर बाईला मात्र ‘ई’ जिवावर बेतू शकते. ‘बी’ आणि ‘सी’ यांचा मार्ग वेगळा आहे. ते रक्तातून येतात. दूषित सुई, न तपासलेले रक्त, न्हाव्याचे एकच पाते, जत्रेतले गोंदण, ही त्यांची दारे. ‘बी’ शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. हे दोन विषाणू यकृतात ठाण मांडून वर्षानुवर्षे राहू शकतात. डोळे पिवळे होतीलच असे नाही. वीस-पंचवीस वर्षांनी यकृत खडबडीत होऊन आकसते, काहींना कर्करोग होतो, आणि तेव्हा कुठे घरच्यांना कळते.

डायलिसिसच्या माणसाला याचा धोका जास्त का, ते हिशेबाने पाहा. यंत्रातून मिनिटाला पाव लिटर किंवा थोडे अधिक रक्त फिरते. चार तासांत साठ लिटर झाले. अंगात रक्त पाचेक लिटर, म्हणजे तेच रक्त दहा-बारा वेळा बाहेर जाऊन परत आत येते. दर बैठकीला दोन जाड सुया. आठवड्याला दोन बैठका धरल्या तरी वर्षाला दोनशेवर टोचण्या होतात. शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण, मधे एकच परिचारिका. तिने एकाची सुई काढून हातमोजे न बदलता दुसऱ्याला हात लावला, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाची एकच बाटली सगळ्यांना फिरवली, यंत्राची बटणे पुसली नाहीत, की विषाणूला वाट मिळाली. ‘बी’चा विषाणू तर वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातही निदान सात दिवस जिवंत राहतो.

आता तात्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

आपल्या भागात एका बांधावर आंबेमोहर आणि शेजारी इंद्रायणी असते. इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या केंद्रातून आली, आंबेमोहर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून. भाद्रपदात दव आणि ढगाळ हवा एकत्र आली की करपा पडतो. बुरशी तीच, हवा तीच, पण दोन खाचरांवर परिणाम सारखा नसतो. एका वाणावर पाने करपतात, दुसऱ्यावर चार ठिपके येऊन थांबतात. माणसाचेही असेच आहे. ‘सी’ विषाणू शंभर जणांच्या अंगात शिरला तर साधारण तीस जणांचे शरीर त्याला औषधाशिवाय सहा महिन्यांच्या आत हाकलून देते. उरलेल्या सत्तरांत तो मुक्काम करतो. ‘बी’चे उलटे आहे. मोठ्या निरोगी माणसाला लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षा कमी लोकांत तो टिकतो, पण जन्मताच लागण झाली तर नव्वद बाळांत टिकतो. डायलिसिसच्या माणसात निरोगी माणसापेक्षा तो टिकण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे, कारण किडनी गेली की अंगातले शिपाईसुद्धा मंद होतात.

हा फरक कशाने पडतो? काही अंशी जन्मजात खुणांमुळे. त्यातल्या मुख्य खुणांना ‘एचएलए’ म्हणतात. त्यांचा शोध लावणाऱ्यांपैकी फ्रान्सचे जाँ दोसे यांना १९८० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या खुणा काम कसे करतात ते मला एका डॉक्टरबाईंनी सांगितले, ते मी आपल्या भाषेत सांगतो. अडत्याच्या गाळ्यावर पोते उघडून कोणी पाहत नाही. हमाल पोत्यातून मूठभर वानगी काढतो, तळहातावर पसरतो आणि व्यापारी ती पाहून ठरवतो. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याची अशीच वानगी बाहेर धरते. तो तळहात म्हणजे एचएलए. रक्तातले शिपाई फिरत असतात, वानगी पाहतात. विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी नष्ट करतात. प्रत्येकाच्या तळहाताची ठेवण वेगळी. कोणाच्या हातावर ‘बी’ विषाणूचा तुकडा नीट बसतो, कोणाच्या हातावरून तो घरंगळतो. घरंगळला की शिपायाला पत्ता लागत नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. आफ्रिकेतल्या गांबिया देशात १९९५ साली असे आढळले की एचएलएचा एक ठरावीक प्रकार असलेल्यांच्या अंगात ‘बी’ कमी टिकतो. २००९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ‘बी’ टिकण्याशी जोडलेल्या आणखी जागा दाखवल्या. त्याच वर्षी ‘सी’साठी एक वेगळीच खूण सापडली. तिला आयएल-२८बी म्हणतात. ती एचएलएमधली नव्हे. विषाणूविरुद्ध अंगात जे रसायन तयार होते त्याच्याशी तिचा संबंध आहे. तिचा चांगला प्रकार ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगातून ‘सी’ आपोआप जाण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्त आणि प्रतिकारशक्तीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे पश्चिम भारतातल्या ‘सी’च्या रुग्णांच्या एचएलए खुणा तपासल्या गेल्या. पोलंड देशात पोझनान शहरातल्या डॉक्टरांनी तर खास डायलिसिसचेच रुग्ण घेतले आणि कोणाचा विषाणू टिकतो, कोणाला लस लागते, यात या खुणांचा वाटा किती ते वर्षानुवर्षे तपासले.

म्हणजे तात्यांच्या प्रश्नाला एक उत्तर ‘होय’ असे आहे. माणसाचेही वाण असते. पण तेवढ्यावर थांबलो तर मी तात्यांचे नुकसान करीन, कारण वाणाची गोष्ट अर्धीच आहे. चांगले तगडे वाण घ्या आणि त्याला हिरवेगार दिसावे म्हणून युरियाचा मारा करा, करपा येतोच. उलट नाजूक आंबेमोहर बेताच्या खतावर, मोकळ्या हवेत, स्वच्छ बांधावर तग धरतो. खुणेमुळे झुकते माप मिळते, निकाल लागत नाही. चांगली खूण असून विषाणू टिकलेले लोक पुष्कळ आहेत आणि नसून तो गेलेलेही आहेत. आणि मुळात विषाणू अंगात शिरलाच नाही तर कुठल्याच खुणेला काही काम उरत नाही. तो शिरतो सुईतून, घराण्यातून नव्हे.

याला इतिहासाचा दाखला आहे. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात डायलिसिस विभागात ‘बी’ काविळीची साथ आली. रुग्ण दगावले, त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारीही दगावले. ‘बी’ विषाणूची रक्तातली खूण अमेरिकेतल्या बारूक ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात सापडली होती (पुढे १९७६ साली त्यांना नोबेल मिळाले). तिचा उपयोग करून दवाखान्यांनी दर महिन्याला प्रत्येक रुग्णाचे रक्त तपासायला सुरुवात केली. ज्याच्यात ‘बी’ आहे त्याला वेगळी खोली, वेगळे यंत्र, वेगळी माणसे. बस्स, एवढेच. लस बाजारात यायला १९८० नंतरचा काळ उजाडला, पण त्याआधीच डायलिसिस केंद्रांतली लागण झपाट्याने खाली आली होती. एचएलए कोणाचीही बदलली नव्हती. बदलले होते ते हातमोजे.

म्हणून सांगतो, घरात कोणी डायलिसिसवर असेल तर केंद्रात गेल्यावर पाहत चला. परिचारिका रुग्णागणिक हातमोजे बदलते का, हात धुते का. ‘बी’च्या रुग्णाचे यंत्र वेगळे आहे का. ‘सी’साठी वेगळ्या यंत्राची सक्ती जागतिक मार्गदर्शनात नाही, पण स्वच्छतेत सूट नाही. विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. आपण कृषी केंद्रात औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहतो, तेव्हा दुकानदाराला राग येईल असे म्हणत नाही. इथे तर आपले रक्त आहे.

आणखी एक गोष्ट तात्यांना आधी कोणी सांगितली नव्हती. डायलिसिसच्या रुग्णात यकृताची एसजीपीटी तपासणी फसवी असते. त्यांचा आकडा मुळातच खाली असतो, त्यामुळे विषाणू आत असूनही कागदावर सगळे ठीक दिसते. तेव्हा त्या आकड्यावर न राहता विषाणूचीच तपासणी करायची. ‘सी’ची तपासणी निदान सहा महिन्यांनी व्हावी, असे किडनीतज्ज्ञ सांगतात.

आता लस. ‘सी’ला लस नाही. ‘बी’ला चांगली लस आहे. २०११-१२ पर्यंत ती देशभर बाळांच्या लसीकरणात आली आणि हल्ली जन्मल्यावर चोवीस तासांत पहिली मात्रा देतात. आपण मोठी माणसे मात्र तिच्याविना वाढलो. निरोगी तरुण माणसांत शंभरात नव्वदांहून अधिक लोकांना ती लागते. डायलिसिसच्या रुग्णांत पन्नास-साठ, फार तर सत्तर. अशक्त, जंतांनी पोखरलेल्या जनावराला लाळ्या-खुरकुताची लस टोचली तर ती नीट लागत नाही, तसेच हे. काही एचएलए प्रकारांच्या माणसांना तर धडधाकट असतानाही ही लस कमी लागते. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रा आणि चार वेळा देतात: पहिल्या दिवशी, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या टोचणीनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिकारद्रव्य किती तयार झाले ते मोजतात. आकडा दहाच्या वर हवा. खाली आला तर लस पुन्हा. पुढे दरवर्षी मोजायचे.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही, की किडनी अजून थोडीफार काम करते आहे तेव्हाच लस घेतली तर ती चांगली लागते. मधुमेह किंवा रक्तदाबाने किडनीला धक्का बसला आहे असे डॉक्टरांनी सांगितले की त्याच दिवशी ‘बी’च्या लसीचे विचारा. डायलिसिसची वेळ येण्याची वाट पाहू नका. आपण रोपे उपटायला आल्यावर बीजप्रक्रिया करत नाही.

तात्यांची ‘सी’ची गोष्ट राहिली. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्याआधी नुसते ‘ए नाही, बी नाही’ असे म्हणायचे. शोध लावणाऱ्यांपैकी तिघांना २०२० साली नोबेल मिळाले. आपल्या रक्तपेढ्यांत ‘सी’ची तपासणी सक्तीची झाली ती २००१ पासून. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर द्यावी लागत. ताप, अंगदुखी, आणि गुण आला तर आला. डायलिसिसच्या रुग्णाला ती फार जड जात. त्या काळात आयएल-२८बीची खूण मोलाची होती, कारण इंजेक्शन लागू पडेल का याचा अंदाज तिच्यावरून येई. आता गोळ्या आल्या आहेत. बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोक बरे होतात. डायलिसिसवर असतानाही घेता येतात. खूण चांगली असो की वाईट, गोळी दोघांनाही लागू पडते. सुरू करण्यापूर्वी ‘बी’ची तपासणी मात्र करतात, कारण ‘सी’ गेला की दबून बसलेला ‘बी’ डोके वर काढू शकतो.

केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी काविळीच्या विषाणूंसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषध विनामूल्य आहे. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी केली तर जवळचे उपचार केंद्र कळते. तेव्हा खासगी प्रयोगशाळेत हजारो रुपये भरून घरादाराचे जीन तपासून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. त्या पैशात प्रतिकारद्रव्याची मोजणी होते आणि पुण्याच्या किती फेऱ्या निघतात! संशोधकांचे काम वेगळे. त्यांच्या शेकडो नमुन्यांतून उद्या एखादी चांगली लस निघेल.

आता धाकट्या भावाचे. गंमत अशी की ज्या खुणांनी तो बिचकला होता, त्याच एचएलए खुणा किडनी जुळते का हे पाहायला तपासतात. आईकडून एक गाठोडे, बापाकडून एक गाठोडे, असे प्रत्येक लेकराला मिळते. त्यामुळे दोन सख्ख्या भावांत दोन्ही गाठोडी सारखी असण्याची शक्यता चारात एक, एक सारखे असण्याची चारात दोन, आणि एकही सारखे नसण्याची चारात एक. अर्धे जुळले तरी आजच्या औषधांवर किडनी चांगली चालते. नवरा-बायकोत तर काहीच नाते नसते, तरी देतात. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला गरज नसताना बाहेरचे रक्त चढवू नये असेही डॉक्टर सांगतात. परक्या रक्तातल्या एचएलएविरुद्ध अंगात द्रव्ये तयार होतात आणि पुढे किडनी जुळणे अवघड होते. रक्त वाढवण्यासाठी इंजेक्शन आहे, ते आधी.

आठ दिवसांनी मी तात्यांच्या घरी गेलो. ओसरीवर दोघे भाऊ, वहिनी, त्यांची म्हातारी आई, सगळे बसले होते. हे सगळे सांगितले. जेवल्याने, एका ताटात हात घातल्याने, पोराला मांडीवर घेतल्याने ‘बी’ आणि ‘सी’ लागत नाहीत, हे तीनदा सांगावे लागले. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवा म्हणालो. म्हातारीने काविळीचे झाडपाल्याचे औषध काढले होते, ते घेऊ नका म्हणून विनवले. किडनी नसलेल्या माणसाला असला काढा फार वाईट. नारळपाणी आणि केळीसुद्धा त्यांना बेतानेच. म्हातारीला ते पटले नाही. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “तू भाताचा सायेब ना रं?”

ते खरेच होते. मी धाकट्याला म्हणालो, “तुम्ही स्वतः पुण्याला जाऊन डॉक्टरांना विचारा.” तो गेला. तात्यांच्या १२ आठवड्यांच्या गोळ्या झाल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू मिळाला नाही. मधे एक घोटाळा झाला. दुसऱ्या एका ठिकाणी साधी तपासणी केली तर कागदावर पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ आले आणि घरात परत सुतक पसरले. बरे झालेल्या माणसाची ती साधी तपासणी पुढेही बहुधा तशीच येत राहते, कारण ती विषाणू शोधत नाही, त्याच्याशी झालेल्या लढाईची खूण शोधते. विषाणू आहे की नाही हे आरएनए तपासणीतच कळते. तो आरएनएचा कागद तात्यांनी आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवला आहे आणि डायलिसिसला जाताना त्याची झेरॉक्स खिशात असते.

भावाची एक बाजू जुळली आहे. प्रत्यारोपणाची कागदपत्रे चालू आहेत. ‘बी’ची लस पहिल्या खेपेला तात्यांना लागली नव्हती, आकडा चार आला होता. दुसऱ्यांदा चार टोचण्या दिल्या. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, “सायेब, आकडा एकतीस आलाय. आन् मधल्या खाचरातल्या रोपाला पिवळेपणा आलाय, त्याचं काय करू?”